मधली दांडी

इस्पितळातून निघाल्यावर बायको वेल्डरला म्हणाली, "नदीकाठच्या बागेत टेकू या जरा. तुमचे बाकही बघायचे राहिलेत." बागेतले बाक आपण केले, असं तो दोन वर्षं सगळ्यांना सांगत होता; तिला आणायचं तेवढं राहून गेलं. बाकापर्यंत पोचताच तिला भोवळ आली. "थोडी आडवी होते," ती म्हणाली. लग्नानंतर इथेच जुन्या बाकावर ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. आता बाकाच्या मधोमध लोखंडी दांडी होती. कुणी बाकावर झोपू नये असा वरून हुकूम होता. "पसरा आता तंगड्या," असं हसत म्हणत, बाक बसवताना त्याने एकेका दांडीवर उभं राहून जोड तपासला होता. खाली हिरवळ ओली होती. त्याने दांडी दोन्ही हातांनी हिसडली. "राहू द्या," म्हणत तिने थंड लोखंडावर गाल टेकवला. "तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही."