शिंपडणारे आणि बुडवणारे

दगडाबाई पाण्याखाली गेली आणि काठावर उभ्या काकासाहेब मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याच समोर पाद्रीसाहेबांनी याच बाईच्या कपाळावर तीनदा पाणी शिंपडलं होतं. तो बाप्तिस्मा आता कच्चा ठरला होता. नव्या विहिरीच्या पायऱ्यांवर वस्तीतल्या सोळा घरांची माणसं रांगेनं उभी होती. कमरेएवढ्या पाण्यातले गोरे साहेब एकेकाला मागं कलवून पार बुडवत होते. प्रत्येक डुबकीसरशी मास्तरांच्या कळपातलं एक मेंढरू कमी होत होतं.

फुलंब्रीजवळच्या त्या वस्तीत दुसरं मिशन आल्यापासून देवापेक्षा पाण्याचीच चर्चा जास्त. लोकांनी नावंही सोपी ठेवली होती: शिंपडणारे आणि बुडवणारे. मास्तर शिंपडणाऱ्यांचे उपदेशक. वस्तीसाठी त्यांनी काय नाही केलं? औरंगाबादेच्या छावणीतल्या साहेबांच्या हातापाया पडून घंटा आणली, बाजाची पेटी आणली, पोरांना बाराखडी शिकवली, मयतीला सगळ्यांच्या आधी रडले. गावची विहीर वस्तीला बंद, म्हणून बाया गिरजा नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरत. त्यापायी रविवारच्या प्रार्थनेला उशीर झाला की मास्तर त्यांना चांगलं फैलावर घेत.

बुडवणारे साहेब आधी नदीतच बुडवायला निघाले होते. दगडाबाईनंच त्यांना नेऊन नदी दाखवली. फाल्गुनातली गिरजा, घोटाही भिजेना. मग साहेबांनी तहसीलदाराकडून विहीर खणायच्या परवानगीचा उर्दू कागद आणला. निजाम सरकारचा शिक्का बघून पाटील गप्प बसला आणि वस्तीच्या कडेला सुरुंग लागले. वस्ती एका तोंडानं म्हणू लागली, शिंपडण्यात काही राम नाही.

मास्तरांनी दगडाबाईला परोपरीनं समजावलं होतं. तिनं ऐकलं की वस्ती ऐकते, हे त्यांना ठाऊक होतं.

"अगं मावशी, पाणी किती हा प्रश्नच नाही. श्रद्धा किती, हा प्रश्न आहे."

"आसं कसं, मास्तर? पान्याचाच तर समदा सवाल हाय."

बाई अडाणी असली तरी मुद्द्याचं बोलते, हे मास्तरांना मानावं लागलं. दोन दिवस शास्त्र चाळून त्यांनी पाच पानी उत्तर तयार केलं. ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. सगळी वस्ती विहिरीची माती उपसत होती.

डुबक्या झाल्या. पुढच्या रविवारी मास्तरांनी सवयीनं घंटा वाजवली. छावणीतल्या साहेबांना द्यायचा राजीनामा त्यांच्या खिशात होता. ज्याच्याकडं एकही माणूस उरला नाही, त्यानं पगार कोणत्या तोंडानं घ्यायचा? शेवटची प्रार्थना एकट्यानंच करावी म्हणून ते गुडघे टेकणार, तोच दारात चपला वाजल्या.

सोळाच्या सोळा घरं आली होती. बायासुद्धा, आणि त्याही वेळेवर! माणसं आपापल्या जागी बसली. कुणीतरी पेटीवरची धूळ झटकली.

मास्तरांना आनंद झाला. पण राग त्याहून मोठा होता.

"आता कशाला आलात? आमचा बाप्तिस्मा खोटा होता ना?"

"खोटा कोन म्हनलं?" दगडाबाई पदर सावरत म्हणाली. "तुमी आमचे मास्तर, तुमाला सोडून कुठं जातो? सांजच्याला त्या साहेबाकडं बी जाऊन येऊ. देव तर येकच हाय नव्हं?"

"मग बुडालात कशाला?" मास्तर जवळजवळ ओरडलेच.

दगडाबाईनं त्यांच्याकडं मायेनं पाहिलं. इतक्या शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं, याचं तिला खरंच वाईट वाटलं.

"मास्तर, मानूस तुमी लई गुनाचे. पन तुमच्या देवाचं काम चूळभर पान्यात भागतं. चूळभर पान्यासाठी इहीर कोन खांदून देतंय?"