पहिल्या कपातला चमचा

"'हे प्रशिक्षण कशासाठी हवं?' हा रकाना अजून कोराच आहे, प्रोफेसर," गेशे म्हणाली. "तो भरल्याशिवाय डॉक्टरांची परिषद मान्यता देणार नाही. आणि मान्यता नाही तर डॉक्टरांना लागणारे हजेरीचे गुण नाहीत."

"गुण नाहीत तर कुत्रंही फिरकणार नाही!" प्रोफेसर वालबाउम आपल्याच विनोदावर हसले. "लिहा काहीतरी. काळाची गरज वगैरे."

जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या पूर्व फ्रिसियातल्या त्या छोट्या इस्पितळात डॉक्टरांची प्रशिक्षणं आखायची आणि त्यांचे कागद परिषदेला धाडायचे, हे गेशे टामेनचं काम. डॉक्टर लोक तिला पुरते पाठ झाले होते. यायचं, हजेरीच्या कागदावर आपल्या बारकोडची पट्टी चिकटवायची, दुपारचं सूप ओरपायचं आणि मागच्या दाराने पसार व्हायचं. पालथ्या घड्यावर पाणी, पण घड्याला गुण मात्र पुरे मिळायचे.

या खेपेचा विषय प्रोफेसरांनीच काढला होता: 'नातेवाइकांचं ऐकताना'. म्हणून गेशेने आपल्या गल्लीतल्या फोल्के उबेनना, म्हणजे तिच्या फोल्केमावशींना, डॉक्टरांपुढे बोलायची गळ घातली. नवरा गेल्यापासून मावशी या इस्पितळाच्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हत्या. "वीस मिनिटं तुमची. मध्ये कोणी बोलणार नाही," असा शब्द गेशेने दिला, तेव्हा कुठे त्या आज ठरवाठरवीला चांगला कोट घालून आल्या होत्या.

"चहा घ्या, उबेनबाई. मी आता इथलाच झालोय बरं का!" असं म्हणत प्रोफेसरांनी मेणबत्तीवर ठेवलेली किटली उचलली, तिघांचे कप भरले आणि स्वतःच्या कपात चमचा घालून खडखड ढवळलं.

गेशेने मान खाली घातली. इथे चहा कोणी ढवळत नाही. खाली खडीसाखर, वर साय, जसं लागेल तसं प्यायचं. चमचा असतो तो फक्त पुरे म्हणायला. तो कपात उभा केला की यजमान थांबतो, तोवर ओततच राहतो. आणि तिसऱ्या कपाआधी चमचा टाकणारा माणूस या मुलखात सापडायचा नाही. एवढी वर्षं इथे काढून प्रोफेसरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नसेल असं नाही.

"वीस मिनिटं जरा जास्तच होतात," प्रोफेसर म्हणाले. "दहा करू. खरं म्हणजे जेवणाआधी पाचही पुरतील. काय सांगणार आहात तुम्ही?"

मावशींनी कप खाली ठेवला. "माझा एन्नो तीन कप झाल्याशिवाय उठायचा नाही. पोटात दुखतंय म्हणून त्याला इथे आणलं. मी घरचा चहा आणला होता, त्याचा कपही आणला होता. त्याने पहिल्याच कपात चमचा टाकला. मी धावत डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, याचं काहीतरी फार बिघडलंय, याने पहिल्याच कपात चमचा टाकलाय. डॉक्टर हसले. म्हणाले, बरं झालं की, चहा कमीच बरा. सकाळी एन्नो गेला."

"अरेरे. ड्यूटीवर कोण होतं?"

"तुम्हीच."

प्रोफेसरांनी एक बिस्कीट उचललं, खाल्लं, कोटावरचा चुरा झटकला. लाज वाटायला माणसाला आधी काही आठवावं लागतं, आणि त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

"मग तर नावगाव नकोच," ते म्हणाले. "परिषदेचा नियमच आहे, बोलणारा निःपक्ष हवा. आणि तुम्ही पडलात बायको. असं करू, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच सांगतो. 'रुग्ण क्रमांक तीन' म्हणू. चहाचं तेवढं गाळू, त्यात वैद्यकीय काही नाही."

"प्रोफेसर, मी त्यांना शब्द दिलाय," गेशे म्हणाली. तिचे कान तापले होते.

"शब्द तुम्ही दिलात. प्रशिक्षण माझं आहे."

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी कपातला उरलेला घोट संपवला, बशीतला चमचा उचलला आणि कपात उभा केला. पहिलाच कप होता तो.

"हं, आता उद्देश लिहून घ्या," प्रोफेसर खुर्चीत रेलून सांगू लागले. "'या प्रशिक्षणानंतर डॉक्टर नातेवाइकांनी दिलेल्या लहानसहान खुणा वेळीच ओळखतील.' लहानसहान! छान शब्द सुचला. परिषदेला आवडेल."

बोलता बोलता त्यांनी किटली उचलली आणि मावशींचा कप चमच्यासकट काठोकाठ भरला.

थोडा चहा बशीत सांडला. मावशींनी तो कप दोन्ही हातांनी धरून हळूच गेशेपुढे सरकवला.

"तो तुझा कोरा रकाना आहे ना, पोरी," त्या म्हणाल्या, "तिथे हे लिही."