नुसती माती

विज्ञान प्रदर्शनात वहिनी आणि तिचा धाकटा दीर, या दोघा संशोधकांची टेबलं शेजारीशेजारी होती. त्याच्या काचेच्या पेटीत निळा, हिरवा, केशरी असा नटूनथटून बसलेला सरडा. तिच्या काचेच्या बशीत मातीतल्या जिवाणूंचे पांढुरके ठिपके. सगळी झुंबड पेटीभोवती. बशीकडे कुणी ढुंकूनही बघेना.

"वहिनी, नुसती माती बघायला कोण कडमडणार?" दीर रोज एकदा तरी विचारायचाच.

"बघू हं, भाऊजी," म्हणत ती बशीवर झाकण ठेवायची.

चौथ्या दिवशी त्या ठिपक्यांनी रंग सोडला आणि अख्खी बशी गर्द निळी झाली. बघता बघता गर्दी तिच्या टेबलाकडे सरकली. तीन दिवस काचेवर टकटक करून लोकांनी भंडावलेला सरडा मात्र मातकट पडून पेटीच्या तळाशी मुटकुळं करून बसला होता.

एका चिमुरडीने पेटीला नाक लावलं. "काका, यात नुसती मातीच आहे?"

वहिनी चटकन पुढे आली आणि दिराकडे न बघता हळूच म्हणाली, "नुसती माती म्हणू नये गं, बाळा. मनाला लागतं."