टर्बोचं एक मिनिट

घाटमाथ्यावरच्या गॅरेजपर्यंत खर्डेकरसाहेब पायी चढून आले. मुश्ताकने गेल्याच महिन्यात टर्बो बदललेली त्यांची गाडी धूर ओकत खालच्या वळणावर बंद पडली होती.

"नकली टर्बो घातलास तू," दारातूनच त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

मुश्ताकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हात जोडून सांगितलं होतं, घाट चढून घरी पोचलात की इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, तेल फिरून तापलेला टर्बो निवू द्या. "उगाच डिझेल कोण जाळणार?" म्हणत साहेब तेव्हा हसले होते.

"चला खाली, गाडी बघू." त्याने पाना उचलला.

"अरे, आत्ताच चढून आलोय," साहेबांनी धापा टाकत दाराची चौकट धरली. "मिनिटभर थांबू दे."

"टर्बोसाठी मी एवढंच मागत होतो," मुश्ताक म्हणाला.