सोमारीचा डावा पाय

छुम... छुम-खर्र. दुपारच्या सामसूम घरात वाळे वाजले आणि तांदूळ निवडणारा कुंताचा हात थांबला.

सोमारी अंगणातून ओसरीकडे येत होती. अडीच वर्षांची पोर. उजवा पाय टेकायची, मग डावा मातीतून ओढत त्याच्याजवळ आणायची. हातात बकरीच्या पिल्लाची दोरी, तोंडभर हसू. तिला कुठंच दुखत नव्हतं. दुखत होतं ते कुंताला.

कुंताचाही डावा पाय असाच. लहानपणी तापात गेला तो गेलाच. चार बायांत तिनं शहाणपणाचं काही सांगितलं, की कुणीतरी म्हणायचीच, "वासरांत लंगडी गाय शहाणी." कुंता सगळ्यांच्या आधी हसायची. सवय झाली होती. पण हेच पोरीच्या वाट्याला आलं, तर तिच्यासाठी हसू कुठून आणायचं?

सासू सुगंधाबाई वावरातून आली की हातपाय धुवायच्या आधी नातीचा पाय तेलानं चोळत बसायची. बाई वाईट नव्हती. पण आज चोळता चोळता बोलून गेली, "तुले माह्या गोविंदानं पसंत केलं व कुंते. हिले कोन करून घेईन?"

कुंता चुलीत फुंकत राहिली. डोळ्यांत धूर गेला म्हणायला ते बरं पडलं.

दुसऱ्या दिवशी गोविंदानं खळ्यावर धान चुरायचं, मळणीचं काम भावावर टाकलं आणि तिघं मोटारीनं चांद्याला गेली.

दवाखान्यातले डॉक्टर गोव्याकडचे, म्हातारे. पोरं रडू नयेत म्हणून तपासताना सारखं काहीतरी बोलत राहायचे. त्यांनी सोमारीला मेजावर बसवलं, गुडघा वाकवला, घोटा फिरवला, तळव्याला गुदगुल्या केल्या. ती खिदळली.

"मला घरचे पाद्री करायला निघाले होते," ते सांगत होते. "लॅटिन शिकवलं. लंगड्याला क्लाउदुस म्हणायचं, सावकाश चालणाऱ्याला तार्दुस. पण ते लोक पायापाशी थांबत नसत गो. बोलताना कुणी अडलं, की त्याचं बोलणं लंगडलं. म्हातारपणी अक्कल लंगडली. डोक्यानं मंद असला, की तोही तार्दुस."

कुंताची भीड जराशी चेपली. "आमच्याकडं बी तसंच हाये, डाक्टरसाहेब. सबब लंगडी, कारभार लंगडा. जे जे वाईट, त्याले आमचाच पाय."

"माही सबब तं नेहमीच लंगडी निंगते," गोविंदा खाली मान घालून म्हणाला. "हिच्यापुढं उभी बी नाई राहत."

डॉक्टर हसले. मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी दोन्ही पाय पुन्हा जवळजवळ ठेवून पाहिले.

"ताप आला होता?"

"नाई."

"पडली बिडली?"

"नाई जी."

"हाडं चांगली. पायात जोर आहे. दोन्ही सारखे." त्यांनी चष्मा काढला. "मग लंगडते कशी?"

कुंताला वाटलं, रक्तातून उतरलं, असंच आता हे म्हणणार. तिनं पदर ओठांवर धरला.

डॉक्टरांना घाई नव्हती. "तो पेला दे गो जरा," त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

कुंता उठली आणि चालू लागली. तशी सोमारी मेजावरून घसरत खाली उतरली आणि तिच्या मागं निघाली. उजवा टेकला, डावा ओढला. माय जिथं किंचित झुकली, तिथं तीही झुकली. एकाच तालात दोघी खिडकीपर्यंत गेल्या.

डॉक्टर पाणी विसरले.

"दिवसभर कुणाजवळ असते ही?"

"माह्याजवळच. हे जंगलात लाकूडतोडीवर, सासूबाई वावरात."

"बाई, पोर लंगडत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यासारखी चालते. चालणं म्हणजे हेच, असं तिला वाटतं. एवढ्या गावातून तिनं तुलाच निवडलं बघ."

कुंताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं खिडकीची चौकट घट्ट धरली. जो पाय ती जन्मभर लुगड्याच्या काठाखाली लपवत आली, तो कुणीतरी रोज निरखून पाहिला होता. आवडीनं शिकून घेतला होता.

"औषध नाही काही," डॉक्टर गोविंदाला म्हणाले. "घरी राहा थोडे दिवस. हिला बोट धरून चालव."

बाहेर हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं. कुंतानं बोरं घेतली, पोरीच्या मुठीत दिली, दोन स्वतःच्या तोंडात टाकली. मोटारतळाकडे जाताना गोविंदा पोरीचं बोट धरून पुढं झाला.

"सोमे, माह्यासारखी चाल. हा एक पाय. हा दुसरा. बघ कसा टाकतो!" शिपायासारखा ताठ होऊन तो मोठ्या ऐटीत पावलं टाकत होता. एक पानवाला त्याच्याकडे बघतच राहिला.

कुंता मागून येत होती. आज तिनं लुगडं सावरलं नाही. पाय जसा पडत होता, तसा पडू दिला.

सोमारीनं बराच वेळ बापाच्या पायांकडे निरखून पाहिलं. मग त्याचं बोट सोडलं, उजवा टेकत, डावा ओढत मागं आली आणि कुंताच्या लुगड्याला बिलगली. वर पाहत तिनं हळू आवाजात, फार काळजीनं विचारलं,

"बाबाच्या पायाले काय झालं व, माय?"