चाळिसावा माणूस

संशोधनासाठी पोटाची कसलीच तक्रार नसलेली चाळीस माणसं हवी होती. धडधाकट माणूस घशातून कॅमेऱ्याची नळी घालून घ्यायला कशाला तयार होईल? सिस्टरांच्या नाकी नऊ आले, पण आकडा त्यांनी भरला. नळी घालणारे डॉक्टर वेगळे, नंतर व्हिडिओ बघणारे वेगळे. नावांची यादी सिस्टरांच्या कपाटात कुलूपबंद. पडद्यावर फक्त नंबर.

चाळीस नंबरवर मोठ्या डॉक्टरांचा हात थबकला. त्यांनी व्हिडिओ तीनदा मागे नेला. जठराच्या वळणावर नखाएवढा खरबरीत चट्टा होता.

“याला आजच बोलवा, सिस्टर. तुकडा काढून तपासावा लागेल. लक्षण बरं दिसत नाही, पण अजून वेळ गेलेली नाही.”

सिस्टर खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

“ऐकताय ना? फोन लावा.”

त्या बाहेर जाऊन फोन करून आल्या. “सर, अशी बातमी पेशंटला एकट्याला सांगायची नाही, घरचं माणूस सोबत हवं, हा आपलाच नियम ना?”

“अर्थात.”



“मग जरा थांबा. पेशंट इथंच उभी आहे, आमचे हे निघालेत.”