नकाराचा कागद

“सही आहे ना? मग संपलं,” विमा कंपनीचा तपासनीस म्हणाला आणि त्याने कागद टेबलावर सरकवला.

अर्लीन नॅकिनने तो उचलला नाही. लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावर तेवीस वर्षं तीच गावाच्या गाड्यांचे विमे उतरवत होती. गावातले पुरुष चौदा-चौदा दिवस समुद्रातल्या तेलविहिरींवर. त्यांची जमिनीवरची कामं आया-बहिणीच उरकत. अर्लीन हप्त्यात चार डॉलर वाचवून देते, अशी तिची ख्याती होती.

समोर तिची भावजय क्लोडा बसली होती. भाऊ डडली इस्पितळात, कमरेखाली लाकूड झालेला. लाल दिवा तोडून ज्याने त्याला उडवलं, त्या मेल्याच्या गाडीला विमाच नव्हता आणि खिशात दमडी नव्हती.

“अशा वेळी भरपाई आपलीच कंपनी देते,” तपासनीस क्लोडाला म्हणाला. “ते कलम आपोआप लागू असतं. हप्ता कमी व्हावा म्हणून ते नको असेल, तर मालकानं स्वतः सही करून नाकारायचं. डडलीनं नाकारलंय.”

“तो म्हणतो, असला कागद मी बघितलासुद्धा नाही!”

“बिल आलं की सगळ्यांनाच विसर पडतो, बाई.” तो हसला. “हां, सही दुसऱ्या कुणाची निघाली, तर गोष्ट वेगळी. मग नकार रद्द, कंपनीला पैसे मोजावेच लागतात. आणि एजंट तुरुंगात. मागच्या साली पलीकडच्या गावातला एक गेला ना!”

क्लोडा वळली. तिचे डोळे सुजले होते. “ऑपरेशन झालं नाही, तर तो कधीच उभा राहणार नाही म्हणतात. अर्लीन, तू तरी बोल ना गं!”

अर्लीनला सकाळचा डडली आठवला. तिने नेलेला गम्बोचा रस्सा त्याने दोनच चमचे खाल्ला होता आणि वर म्हणाला होता, “तू आहेस ना ताई, मग मला कसली काळजी?” तिला त्याच्या डोळ्यांत बघवलं नव्हतं.

तपासनिसाने बॅग बंद केली.

“थांबा,” अर्लीन म्हणाली. भिंतीवर तिचा परवाना चौकटीत टांगलेला होता. तिकडे तिने एकदा पाहिलं. मग कोरा कागद ओढला, पेन उचललं आणि त्यावर झरझर डडलीची सही करून दाखवली, नकाराच्या कागदावर होती तशीच, शेवटच्या अक्षराच्या वळणासकट.